पांढरं धोतर, रापलेला चेहरा: स्टुडिओत फ्लॅश मोजावा कसा आणि लावावा कसा

पांढरं धोतर, पांढरा सदरा, पांढरी टोपी आणि आयुष्यभर उन्हात रापलेला चेहरा. मराठवाड्यातल्या कुठल्याही स्टुडिओत फ्लॅशची खरी परीक्षा या माणसासमोर होते. पहिला फोटो निघाला की कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर धोतर लुकलुकायला लागतं, म्हणजे उजेड जास्त होऊन तिथला तपशील उडालाय. फोटोग्राफर घाबरून लेन्सचं उजेड आत घेणारं भोक, म्हणजेच अ‍ॅपर्चर एक-दीड स्टॉप बंद करतो (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा किंवा दुप्पट). धोतराच्या निऱ्या दिसू लागतात आणि बाबांचे डोळे अंधारात जातात. मग रात्री कॉम्प्युटरवर बसून चेहरा उजळायचा; त्यात सावल्यांमधून रंगीत दाणे वर येतात आणि गाल राखेच्या रंगाचे होतात.

कॅमेऱ्याची स्क्रीन आणि तिच्यावरचा हिस्टोग्राम (फोटोत काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत कुठला उजेड किती, याचा आलेख) दोन्ही आपल्याला वस्तूवरून परत आलेला उजेड दाखवतात. पांढरं कापड भरपूर उजेड परत पाठवतं, सावळी कातडी कमी पाठवते. चेहऱ्यावर मुळात किती उजेड पडतोय, हा आकडा त्यात कुठंच नसतो, आणि पोर्ट्रेटसाठी लागतो तो तोच. पुढचं सगळं त्या एका आकड्याभोवती आहे. हे लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर मोठा स्टुडिओ नाही. बसस्टँडजवळचा दहा बाय वीस फुटांचा गाळा आहे, नऊ फुटांवर छत किंवा पत्रा, तीनशे-चारशे वॉटसेकंदांचे दोन फ्लॅश, एक सॉफ्टबॉक्स (फ्लॅशवर लावायची, उजेड मऊ करणारी कापडी पेटी), एक पांढरी छत्री आणि रेडिओ ट्रिगर (कॅमेऱ्यावरून वायरीशिवाय फ्लॅश पाडणारा). लातूर, परभणी, बीड, जालना, कुठंही जा, धंदा याच सामानावर चालतो, आणि तो नीट चालू शकतो.

कॅमेऱ्याची तयारी

मोड मॅन्युअल. आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) १००, शटर १/१२५ सेकंद, अ‍ॅपर्चर एफ ८ (आकडा मोठा तेवढं भोक लहान). व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगांचा तोल, ऑटोवर ठेवू नका; फ्लॅशच्या चिन्हावर ठेवा किंवा सरळ ५५०० ते ५६०० केल्व्हिन द्या. फाइल रॉ, म्हणजे कॅमेऱ्यानं प्रक्रिया न केलेली.

आता ट्रिगर बंद करून, गाळ्यातले ट्यूबलाइट चालू असताना एक फोटो काढा. तो पूर्ण काळा आला पाहिजे. आला नाही, तर कुठून तरी बाहेरचा उजेड येतोय. बहुतेक वेळा दुकानाचं अर्धं उघडं शटर नाहीतर काचेचा दरवाजा. पडदा लावा. हा काळा फोटो महत्त्वाचा, कारण त्यानंतर जे काही दिसेल ते फक्त तुमच्या फ्लॅशचं असेल.

नवीन मुलं इथं एक प्रश्न हमखास विचारतात: शटर १/६० केलं तर फोटो उजळ होईल का? फ्लॅशचा उजेड सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास येऊन जातो. त्या वेळी शटर पूर्ण उघडं होतं एवढंच पुरे. पुढं ते किती वेळ उघडं राहिलं याचा फ्लॅशच्या उजेडाशी संबंध नाही. त्यामुळं शटर हळू केलं तर वाढतो तो ट्यूबलाइटचा पिवळा-हिरवा उजेड. उलट शटर फार जलद केलं तर फोटोच्या एका कडेला काळा पट्टा येतो, कारण शटरचा दुसरा पडदा पहिल्याच्या मागोमाग निघालेला असतो आणि फ्लॅश पडतो तेव्हा सेन्सरचा काही भाग झाकलेला असतो. बहुतेक कॅमेऱ्यांची ही मर्यादा १/२०० किंवा १/२५० असते. स्वस्त ट्रिगर थोडा उशीर लावतात, म्हणून १/१२५ किंवा १/१६० वर निर्धास्त राहावं.

म्हणजे फ्लॅशचं एक्स्पोजर चार गोष्टींवर ठरतं: फ्लॅशची पॉवर, फ्लॅश ते चेहरा अंतर, अ‍ॅपर्चर आणि आयएसओ. आयएसओ आपण १०० वर बांधून टाकला. अ‍ॅपर्चर एफ ८ च्या आसपास ठेवायचं, कारण नाकाच्या शेंड्यापासून कानापर्यंत स्पष्टता हवी. उरल्या पॉवर आणि अंतर.

मीटर हातात कसा धरायचा

फ्लॅश मीटरवर पांढरा अर्धगोल घुमट असतो. त्याच्यावर पडणारा उजेड तो मोजतो. समोरच्यानं पांढरं घातलंय की काळं, याची त्याला फिकीर नसते. सेकोनिकचे साधे मीटर, जुने मिनोल्टा, गॉसेन, कुठलाही चालेल. जुना मीटर घेतलात तरी हरकत नाही, फक्त एकदा ओळखीच्या फोटोग्राफरच्या मीटरशेजारी धरून ताडून पाहा. मोबाइलमधली मीटरची अ‍ॅप अखंड उजेड मोजण्यासाठी असतात. फ्लॅशचा क्षण त्यांच्या हाती लागत नाही.

मीटरवर फ्लॅशचं चिन्ह निवडा. बहुतेकांत दोन प्रकार असतात, एक केबलचा आणि एक बिनकेबलचा. बिनकेबलचा घ्या: मीटरचं बटण दाबलं की तो फ्लॅशची वाट पाहत बसतो, मग तुम्ही ट्रिगरवरून टेस्ट फायर करा, आकडा येतो. आयएसओ १०० आणि शटर १/१२५ मीटरमध्येही भरायला विसरू नका. आकडा अ‍ॅपर्चरमध्ये येतो. पुष्कळ मीटरवर ८.० च्या बाजूला एक बारीक आकडा असतो. तो स्टॉपचा दशांश. ८.० शेजारी ५ म्हणजे एफ ८ आणि वर अर्धा स्टॉप, साधारण एफ ९.५. एफ ८.५ असं वाचू नका.

मीटर समोरच्याच्या हनुवटीखाली, गालाला जवळजवळ टेकवून धरायचा. तुमची स्वतःची सावली घुमटावर पडत नाही ना ते बघा. हात लांब करून, शरीर बाजूला ठेवून मोजा. घुमटाचं तोंड कुठं करायचं यावर फोटोग्राफरांत जुना वाद आहे. एक पक्ष म्हणतो कॅमेऱ्याकडे, दुसरा म्हणतो लाइटकडे. माझं मत असं की दोन वेगळी कामं आहेत. एकेक लाइट स्वतंत्र मोजून त्यांचं प्रमाण ठरवताना घुमट त्या लाइटकडे करा आणि बाकीचे लाइट बंद ठेवा. सगळे लाइट लावून झाल्यावर कॅमेऱ्यात कोणतं अ‍ॅपर्चर द्यायचं हे ठरवताना घुमट कॅमेऱ्याकडे करा. तुम्ही दुसरी पद्धत धरलीत तरी बिघडत नाही, पण रोज तीच ठेवा. आज एक, उद्या दुसरी, असं केलं की अल्बममधली माणसं पानोपानी उजळ-अंधारी होतात.

आता एक प्रत्यक्ष मोजणी. सॉफ्टबॉक्सचा फ्लॅश १/४ पॉवरवर आहे, आकडा आला एफ ५.६. आपल्याला हवा एफ ८. अ‍ॅपर्चरची शिडी पाठ असावी: २, २.८, ४, ५.६, ८, ११, १६. ५.६ ते ८ ही एक पायरी, म्हणजे एक स्टॉप, म्हणजे उजेड दुप्पट. पॉवर १/२ करा, पुन्हा मोजा. पॉवर कमी करायची असेल तर जुन्या आणि स्वस्त फ्लॅशवर एक सवय लावून घ्या: आकडा खाली आणल्यावर टेस्टचं बटण एकदा दाबून आत साठलेला चार्ज सोडायचा. नाहीतर पुढचा पहिला फ्लॅश जुन्याच पॉवरनं पडतो आणि मीटर खोटं बोलतोय असं वाटतं.

मीटर नसेल तर

तर अठरा टक्के राखाडी कार्ड घ्या. समोरच्याला ते चेहऱ्याशेजारी, सॉफ्टबॉक्सकडे किंचित वळवून धरायला सांगा, कार्डानं फ्रेम भरेल इतकं जवळ जाऊन फोटो घ्या. हिस्टोग्रामवरचा उंचवटा मधल्या रेषेच्या आसपास आला की एक्स्पोजर बरोबर. मग कार्ड बाजूला, आणि कपडा पांढरा असो की काळा, सेटिंगला हात लावायचा नाही. त्याच फोटोवरून व्हाइट बॅलन्सही काढता येतो, म्हणून मीटर असला तरी प्रत्येक गिऱ्हाइकाच्या पहिल्या फ्रेममध्ये मी कार्ड ठेवावंच म्हणतो.

आणखी एक उपाय अगदी बिनपैशाचा आहे. सॉफ्टबॉक्सच्या कडेला सुतळी बांधा आणि तीन, सव्वाचार, सहा फुटांवर गाठी मारा. एकदा प्रत्येक गाठीला, प्रत्येक पॉवरला किती अ‍ॅपर्चर लागतं ते ग्रे कार्डनं काढून वहीत लिहा. त्यानंतर गिऱ्हाईक बसलं की सुतळी ताणून गाठ गालाशी आणायची आणि वही बघायची. फ्लॅशच्या पुस्तिकेत दिलेल्या गाइड नंबरला अंतरानं भागून अ‍ॅपर्चर काढता येतं खरं, पण तो आकडा धातूच्या रिफ्लेक्टरसाठी दिलेला असतो. सॉफ्टबॉक्सची दोन कापडं साधारण दीड-दोन स्टॉप खातात, त्यामुळं तुमची वही त्या पुस्तिकेपेक्षा खरी.

स्क्रीनवरच भरवसा ठेवायचा असेल तर निदान तिची ब्राइटनेस ऑटोवरून काढून एका जागी बांधा, आणि हिस्टोग्राम लाल-हिरवा-निळा वेगळा दाखवणारा निवडा. आपल्या कातडीत लाल रंग जास्त असतो. एकत्र हिस्टोग्राम सुखरूप दिसत असताना लाल रंग उजव्या भिंतीला धडकलेला असतो. कुंकू नारिंगी दिसायला लागलं की समजावं, हेच झालंय.

अंतर

यावर जरा जास्त थांबतो, कारण छोट्या गाळ्यात निम्मे प्रश्न अंतराचे असतात.

उजेड अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात पातळ होतो. अंतर दुप्पट केलं की उजेड चौथा हिस्सा, म्हणजे दोन स्टॉप कमी. अंतर १.४ पट केलं की एक स्टॉप कमी. तीन फुटांवर एफ ११ असेल तर सव्वाचार फुटांवर एफ ८, सहा फुटांवर एफ ५.६, साडेआठ फुटांवर एफ ४. मोठा सॉफ्टबॉक्स अगदी चेहऱ्याजवळ असताना हे गणित थोडं ढिलं पडतं, पण कामापुरतं खरं राहतं.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली, मागची भिंत. लाइट चेहऱ्यापासून तीन फुटांवर आहे आणि भिंत माणसाच्या मागे पाच फुटांवर, तर लाइट ते भिंत आठ फूट. भिंतीवर चेहऱ्यापेक्षा जवळजवळ तीन स्टॉप कमी उजेड पडतो आणि पांढरी भिंतसुद्धा राखाडी येते. तोच लाइट सहा फुटांवर नेला, पॉवर वाढवून चेहऱ्याचा आकडा तोच ठेवला, तर फरक पावणेदोन स्टॉपवर येतो आणि तीच भिंत बरीच उजळ दिसते. एकाच भिंतीवर, एकाच फ्लॅशनं दोन पार्श्वभूमी मिळाल्या. पडदे बदलायची घाई करण्याआधी हे करून बघा.

दुसरी गोष्ट जोडप्याच्या फोटोची. नवरा लाइटपासून तीन फुटांवर आणि बायको साडेचार फुटांवर असेल तर दोघांत एक स्टॉपाहून जास्त फरक पडतो. एकाचा चेहरा उजळ, दुसरीचा मंद, आणि मग सासरचे म्हणतात फोटोत सून काळी आली. लाइट सहा फुटांवर न्या. फरक पाऊण स्टॉपाच्या आत येतो. आणखी मागे जागा नसेल तर फ्लॅश उलटा करून मागच्या पांढऱ्या भिंतीवर मारा किंवा छत्रीत मारा, आणि उजेडाच्या जवळ बसलेल्याला अर्धं पाऊल मागे घ्या. मीटर दोघांच्या गालाशी धरून बघा, तीन-चार दशांशाच्या आत फरक आला की पुरे.

मुख्य लाइट कुठं

सुरुवात नेहमीची: कॅमेऱ्यापासून चाळीस-पंचेचाळीस अंश बाजूला, डोळ्यांच्या वर, खाली झुकवलेला. मॉडेलिंग लॅम्प (फ्लॅशमधला सतत जळणारा दिवा) चालू करा, गाळ्यातले दिवे मालवा आणि दोनच गोष्टी बघा. डोळ्यांत उजेडाचा ठिपका वरच्या बाजूला दिसतोय का, आणि नाकाची सावली ओठाच्या कोपऱ्याच्या दिशेनं तिरकी उतरतेय का. सावली आडवी गालावर गेली तर लाइट खाली आहे. सरळ ओठांवर उतरली तर फार वर किंवा फार समोर आहे. लाइट आणखी बाजूला नेऊन नाकाची सावली गालाच्या सावलीला मिळवली की पलीकडच्या गालावर उजेडाचा त्रिकोण उरतो. सतराव्या शतकातल्या रेम्ब्रांट या डच चित्रकाराच्या नावानं ही रचना ओळखली जाते. बाबांच्या चेहऱ्याला ती फार शोभते. स्थळाच्या फोटोला सहसा नाही.

आपल्याकडच्या छतामुळं लाइट हवा तितका वर जात नाही. मग माणूस खाली आणा. उंच स्टुलाऐवजी बुटका मोडा किंवा पाट द्या, कॅमेरा त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर आणा, आपण गुडघ्यावर बसा.

डोक्यावरचा पदर हा फोटोग्राफीच्या परदेशी व्हिडिओंत न सापडणारा प्रश्न. पदर कानावरून पुढं आलेला असतो आणि बाजूचा लाइट तो अडवतो. अर्धा गाल अंधारात. पदर मागे सारायला सांगणं म्हणजे आजीचा अपमान. त्याऐवजी लाइट कॅमेऱ्यापासून वीस-पंचवीस अंशांवर आणा, थोडा खाली उतरवा, आणि मांडीवर पांढरा बोर्ड ठेवून खालून उजेड परत पाठवा. फेट्याचंही तेच: पुढं आलेल्या काठाची सावली कपाळावरून भुवईपर्यंत येते, म्हणून लाइट नेहमीपेक्षा खाली, आणि हनुवटी बोटभर वर.

चष्म्यासाठी लाइट वर आणि बाजूला सरकवा, तोवर हनुवटी जराशी खाली. काचेवर अजूनही सॉफ्टबॉक्स दिसतोय तर चष्म्याच्या काड्या कानावरून अर्धा सेंटिमीटर उचलून ठेवा. काचा खाली झुकतात, चमक निघून जाते, आणि फोटोत कळत नाही.

सावल्या किती ठेवायच्या

मुख्य लाइट बसला, आता सावलीची बाजू. दुसरा फ्लॅश छत्रीत, कॅमेऱ्याच्या मागे, थोडा वर. हा भरणीचा लाइट, सावल्या भरून काढणारा. मुख्य लाइट बंद करून हा एकटा मोजा. मुख्य एफ ८ आणि भरणीचा एफ ५.६ आला तर उजळ गालावर दोन अधिक एक असे तीन वाटे पडतात आणि सावलीत एक वाटा: प्रमाण तीनास एक. भरणीचा एफ ४ केला तर पाचास एक. स्थळाचे फोटो, शाळा-कॉलेजचे, जोडपी: तीनास एक किंवा त्याहून मऊ. कुस्तीगीर, वारकरी, शेतकरी, तबलजी: पाचास एक खुशाल.

दोन्ही लाइट एकत्र लावल्यावर शेवटचं मोजमाप घ्यायचं असतं, ते विसरलं जातं. भरणीचा उजेड उजळ गालावरही पडतो, त्यामुळं एफ ८ आणि एफ ५.६ मिळून आकडा एफ ८ च्या वर अर्ध्या स्टॉपाहून किंचित जास्त येतो. कॅमेऱ्यात तो अंतिम आकडा द्या. मुख्य लाइटचा एकट्याचा आकडा दिला तर सगळा फोटो अर्धा स्टॉप उजळतो आणि आपण पुन्हा धोतराच्या लुकलुकण्यापाशी येतो.

दुसरा फ्लॅश नसेल तर रिफ्लेक्टर. दुकानातला पाच-इन-एक घ्यायचा नसेल तर एखाद्या साहेबांच्या वाढदिवसाचा उतरवलेला फ्लेक्स शोधा, मागून पांढरा असलेला, आणि लाकडी चौकटीवर ताणून लावा. गावात त्यांचा तुटवडा नाही. काही फ्लेक्स निळसर झाक देतात, तेवढं ग्रे कार्डनं तपासून घ्या.

गाळ्याच्या भिंती हिरव्या किंवा आकाशी ऑइलपेंटच्या असतील तर त्याही रिफ्लेक्टरचंच काम करतात, फक्त रंग देऊन. सावलीतला गाल हिरवट का दिसतो हे कॉम्प्युटरवर शोधण्यापेक्षा भिंतीला पांढरा डिस्टेंपर मारा. छोट्या पांढऱ्या गाळ्यात उजेड चहूकडून परत येतो आणि पाचास एक प्रमाण मिळतच नाही. तेव्हा सावलीच्या बाजूला काळा पडदा टांगा, चेहऱ्यापासून दोन-अडीच फुटांवर.

सावळी कातडी आणि "जरा गोरं करून द्या"

ही मागणी रोज येते. मीटरनं दिलेल्या आकड्याच्या वर एक स्टॉप उजळ फोटो दिला की गिऱ्हाईक त्या वेळी खूश होतं, पण कपाळ सपाट होतं, कुंकवाचा लाल रंग उडतो, दागिन्यांची कोरीव नक्षी जाते. आणि स्थळ बघायला पाहुणे घरी आले की फोटोतली मुलगी आणि समोरची मुलगी दोन दिसतात. माझा आग्रह असा की एक्स्पोजर मीटरवरच ठेवावं आणि बदल उजेडाच्या जातीत करावा. सॉफ्टबॉक्स मोठा घ्या, जवळ आणा, भरणी थोडी वाढवा. कातडीचा रंग तोच राहतो, पण ती तुकतुकीत दिसते, आणि लोकांना खरं म्हणजे तेच हवं असतं.

गडद कातडीला आकार येतो तो सावलीपेक्षा चमकेनं: गालफडावर, नाकाच्या दांड्यावर, कपाळाच्या कडेला पसरलेली मऊ चकाकी. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातल्या पद्मपाणीच्या नाकावरची उजळ रेघ एकदा निरखून या. तिथं फ्लॅशला बंदी आहे, त्यामुळं निवांत डोळ्यांनीच बघणं होतं. अशी चकाकी मोठ्या, जवळच्या, किंचित बाजूच्या उजेडातून येते. उघड्या फ्लॅशनं त्याच जागी जळका पांढरा डाग येतो.

फोटोआधी आरशासमोर टाल्कम पावडर लावायची आपल्याकडे सवय आहे. डोळ्यांना ती कळत नाही, फ्लॅशखाली मात्र चेहरा भस्म लावल्यासारखा येतो. ओल्या रुमालानं पुसायला सांगा, मग टिश्यू पेपरनं फक्त टिपून घ्या, घासू नका.

पैठणीची जर

जर धातूची. धातू आरसाच असतो. तो समोरच्या उजेडाचं प्रतिबिंब दाखवतो. छोटा उघडा फ्लॅश समोरून मारला की पदरावरचे मोर पांढऱ्या ठिणग्या होतात. मोठा सॉफ्टबॉक्स बाजूनं, कापडावरून तिरका घासत जाईल असा ठेवला की त्याच जरीवर सोन्याचा सलग पट्टा उमटतो आणि वीण दिसते. लेन्सवर पोलरायझर फिल्टर लावून चमक मारण्याचा सल्ला ऐकू येतो. काचेवर आणि पाण्यावर तो चालतो, धातूवरच्या थेट चमकेवर चालत नाही. उपाय एकच, पदर पाच-दहा अंश वळवायचा आणि मॉडेलिंग लॅम्पमध्ये बघत राहायचं. इथं मीटर चेहऱ्याचा घ्या, जरीचा नाही. जरीत थोडं लुकलुकलं तर लुकलुकू द्या. रेशीम आणि सूत मिळून विणलेल्या हिमरूच्या शालीला हा त्रास फार कमी.

मागून केसांना लाइट द्यायचा असेल तर डोक्यापाशी मीटर धरून घुमट त्या लाइटकडे करा. काळ्या कोरड्या केसांना मुख्य लाइटइतका आकडा चालतो. तेल लावलेल्या केसांना एक स्टॉप कमी. पिकल्या केसांना आणि टकलाला दोन स्टॉप कमी. पांढऱ्या फेट्याला हा लाइट बंदच करा.

अर्जाचे पांढरे फोटो

लातूरच्या ट्यूशन एरियात किंवा नांदेडला दुकान असेल तर परीक्षेच्या अर्जांच्या दिवसांत हेच काम दिवसभर असतं. ‘नीट’ या वैद्यकीय प्रवेश परीक्षेच्या अर्जाला पांढरी पार्श्वभूमी, कान दिसणारा आणि फ्रेमचा सुमारे ८० टक्के भाग व्यापणारा चेहरा लागतो. मागचं कापून पांढरं भरायचा सोपा रस्ता केसांच्या कडा खातो. त्यापेक्षा भिंतीला वेगळा फ्लॅश द्या. पोराला भिंतीपासून चार-पाच फूट पुढं बसवा. मीटर भिंतीला टेकवून, घुमट कॅमेऱ्याकडे करून मध्यभागी आणि चारही कोपऱ्यांत मोजा. चेहऱ्यावर एफ ८ असेल तर भिंतीवर एफ ९.५ ते एफ ११. त्याहून जास्त दिलं की भिंतीचा उजेड मागून गालांवर आणि लेन्समध्ये सांडतो; कानांच्या कडा विरघळतात, फोटो धुरकट होतो. चेहऱ्यासाठी मोठी छत्री कॅमेऱ्याच्या अगदी वर, आणि छातीशी पांढरा बोर्ड. जागा फरशीवर टेपनं आखून ठेवा: स्टुलाचे पाय, स्टँडचे पाय, तुमचे पाय. मग प्रत्येक पोरासाठी मोजायची गरज नाही; लंच झाल्यावर आणि वीज जाऊन आल्यावर एकदा मोजा.

वीज, ऊन, धूळ

विजेचा दाब खाली आला की फ्लॅश चार्ज व्हायला वेळ लावतो आणि घाईनं काढलेला फोटो कमी उजेडाचा येतो. तयार असल्याचा बीप चालू ठेवा आणि तो ऐकूनच बटण दाबा. दोन फ्लॅश एकाच बारीक वायरच्या एक्स्टेन्शनवर लावू नका. चौकोनी लहरीच्या घरगुती इन्व्हर्टरवर स्टुडिओ फ्लॅश अजिबात चालवू नये. भारनियमनाच्या वेळेत काम थांबवायचं नसेल तर गोडॉक्सच्या एडी २०० सारखा बॅटरीचा एक फ्लॅश मुख्य लाइटसाठी ठेवा आणि भरणी फ्लेक्सवर सोडा.

मे महिन्यात पत्र्याखाली हॅलोजनचा मॉडेलिंग लॅम्प सतत जाळला तर फ्लॅश तापून स्वतःच बंद पडतो. लाइटची जागा ठरेपर्यंतच तो लावा. पंख्याच्या जाळीवर काळ्या मातीची बारीक धूळ बसते, ती महिन्यातून एकदा ब्लोअरनं बाहेरून उडवा. बॉडी उघडू नका. वायर काढून ठेवली तरी आतल्या कपॅसिटरमध्ये जीव घेईल इतका चार्ज बराच वेळ टिकतो. ते काम दुरुस्ती करणाऱ्याचं. आणि माळ्यावर वडिलांच्या काळातला जुना फ्लॅश पडला असेल, तर तो सिंक केबलनं डिजिटल कॅमेऱ्याला थेट जोडू नका. जुन्या फ्लॅशचा ट्रिगर व्होल्टेज कधी कधी शंभरच्या वर असतो आणि कॅमेऱ्याचं सर्किट त्यात जातं. त्याला रेडिओ ट्रिगरच्या रिसीव्हरवर लावा, तोही रिसीव्हर किती व्होल्टेज सोसतो ते पुस्तिकेत बघून. तेवढं केलं तर तो म्हातारा फ्लॅश भिंत उजळायला अजून चांगला उपयोगी पडतो.